सतराचा पाढा

शिवलीला बिराजदारला देवाने गळा दिला होता आणि सरकारने खाकी. दोन्ही एकाच अंगावर सुखाने नांदत होती. तिचे वडील अक्कलकोट तालुक्यात शिवकीर्तन करायचे. श्रावणातल्या सोमवारी ते कुठल्यातरी गावच्या महादेवापुढे उभे राहिले, की सात-आठ वर्षांची शिवलीला टाळ घेऊन त्यांच्या मागे उभी. परतीच्या एसटीत ती झोपेने डुलत असे आणि वडील तिला शिकवत असत. "दृष्टांत कसलाही घे बाळ. नावं बदल, गाव बदल, माणसाच्या जागी हरीण घाल, पोपट घाल. पण एक बारीक गोष्ट मात्र आहे तशी ठेव. तेवढी खरी असली, की ऐकणारा जागचा हलत नाही."

वडील गेले, शिवलीला पोलिसात हवालदार झाली, पण ही शिकवण काही गेली नाही. दोन वर्षांपूर्वी शाळांचं काम तिच्याकडे आलं आणि तिला वाटलं, बाबांनी आपल्याला यासाठीच तयार केलं असावं. सोलापूर शहरातल्या आणि कडेच्या मिळून नऊ शाळा. पोरं तिला पोलीस दीदी म्हणायची. ठाण्यातले सहकारी 'आमच्या महाराज आल्या बघा' म्हणायचे. तिला दोन्ही चालायचं. अनोळखी माणसाबरोबर जाऊ नये, नको असलेला स्पर्श म्हणजे काय, मोबाइलवर कुणी फोटो मागितला तर काय करायचं, हे सगळं ती असं सांगायची, की मधली सुट्टी झाल्याची घंटासुद्धा पोरांना नकोशी व्हायची.

प्रत्येक शाळेत एक तक्रारपेटी होती. किल्ली शिवलीलाकडे. दर गुरुवारी मुख्याध्यापकांच्या समोर ती पेटी उघडायची. आत निघायचं तेही पोरांसारखंच असायचं. 'माझ्या डब्यातली शेंगाचटणी कोण खातं ते शोधून काढा.' 'गणिताच्या सरांची बदली लांब करा.' 'दीदी, तुम्ही पिस्तूल का आणत नाही, का तुम्हाला दिलंच नाही?' या सगळ्या चिठ्ठ्या ती घरी नेऊन एका डब्यात ठेवायची.

त्या गुरुवारी कुंभारी रस्त्यावरच्या शाळेत तिसरी चिठ्ठी उघडताना तिच्या हाताला वेळ लागला. आठ घड्या घातलेल्या होत्या. शिसपेन्सिलीने, दाबून लिहिलेलं.

'दीदी, व्हॅनमधली सगळी मुलं उतरली की मामा मला पुढे बसवतात. खाणीच्या रस्त्याला व्हॅन थांबवतात. डोळे मिटून सतराचा पाढा म्हण म्हणतात. चुकले की परत पहिल्यापासून. पाढा संपेपर्यंत डोळे उघडायचे नाहीत. सतरा चोक अडुसष्टच्या पुढे मला आता येतच नाही. आईला सांगू नका.'

खाली नाव नव्हतं.

मुख्याध्यापक महेश्वर सरांनी चिठ्ठी वाचली, चष्मा काढला, पुन्हा घातला. माणूस वाईट नव्हता. पण शाळा नवी, बाजूला दुसरी इंग्रजी शाळा उघडलेली, आणि त्या दिवशी नेमका वाहतूक सुरक्षेचा कार्यक्रम. पालक येणार, सातही व्हॅनचे चालक येणार.

"सात व्हॅन आहेत मॅडम, आणि सगळेच मामा," ते म्हणाले. "नाव नाही, वर्ग नाही. आत्ता चौकशी काढली तर कार्यक्रमात नुसती कुजबुज सुरू होईल. कार्यक्रम होऊ द्या. मग शांतपणे बसू."

नियम असा, की अशी चिठ्ठी हाती आली की तिथल्या तिथे ठाण्यातल्या फौजदार मॅडमना फोन करायचा आणि तोवर तोंडातून अवाक्षर काढायचं नाही. शिवलीलाने फोन हातात घेतलाही होता. पण खाली मैदानातल्या मांडवात माइकची खरखर सुरू झाली, कुणीतरी 'दीदी आल्या का' विचारत आलं, आणि तिने मनाशी म्हटलं, तासाभराचा तर प्रश्न आहे. चिठ्ठी घडी करून तिने वर्दीच्या वरच्या खिशात ठेवली आणि बटण लावलं.

मांडवात तीनशे पोरं सतरंज्यांवर बसली होती. मागे खुर्च्यांवर पालक, आणि त्यांच्याही मागे कनातीला टेकून व्हॅनवाले. शिवलीलाने हेल्मेटपासून सुरुवात केली. एका नवरदेवाने लग्नात फेटा घालायला हेल्मेट काढलं नाही, ही तिची ठरलेली गोष्ट. पोरं खिदळली, पालक खिदळले. तीन सीटच्या जागी पाच पोरं कोंबणाऱ्या व्हॅनवाल्यांना तिने गोड बोलून चिमटे काढले. "मामा लोक, पोरं म्हणजे कोथिंबिरीची जुडी नव्हं, दाबली तरी मावायला." तेही हसले.

मग तिची नजर मुलींच्या रांगांवर गेली. दोन वेण्या, लाल रिबिनी, एकसारखे चेहरे. यांतल्या एकीने ती चिठ्ठी लिहिली होती. ती आत्ता इथे बसून विचार करत असेल, की आपली चिठ्ठी कुणाच्या हाती लागली की कचऱ्यात गेली. शिवलीलाचं काळीज भरून आलं. तिला वाटलं, त्या लेकराला निदान एवढं कळू दे की तुझं वाचलंय, तुझं ऐकलंय. नाव न घेता सांगता येईल. बाबा सांगायचेच की.

आणि तिचा आवाज खाली उतरला.

"एक जंगल होतं," ती म्हणाली. "त्यात एक वाटाड्या होता. रोज संध्याकाळी हरणांच्या पाडसांना पाणवठ्यावरून घरी सोडायचा. सगळ्या हरिणी म्हणायच्या, किती चांगला. पण सगळी पाडसं घरी गेली, की शेवटच्या पाडसाला तो वाटेत थांबवायचा. म्हणायचा, डोळे मीट. आणि काय म्हणायचा? म्हणायचा, सतराचा पाढा म्हण."

हरणाचं पाडस पाढा म्हणतंय म्हटल्यावर पोरांत हशा पिकला. शिवलीला हसली नाही. ती थांबली. हसू रांगेरांगेने विझत मागे गेलं.

"पाडस म्हणायचं, सतरा एके सतरा. सतरा दुणे चौतीस. चुकलं की पुन्हा पहिल्यापासून."

मागे कनातीपाशी एक व्हॅनवाला मघापासून किल्लीचा छल्ला बोटाभोवती गरागरा फिरवत होता. तो छल्ला थांबला. शिवलीलाला ते दिसलं. वडिलांच्या कीर्तनात असं कुणी थबकलं, की तिला टाळ वाजवता वाजवता कळायचं, दृष्टांत लागला. तेच समाधान तिला आत्ता झालं.

"मग एके दिवशी पाडसाने धीर केला," तिने शेवट केला, "आणि सांगितलं. ज्याला सांगितलं, त्याने ऐकलं. एवढीच गोष्ट. ज्याने सांगितलं, त्याने आता घाबरायचं नाही."

टाळ्या खूप वेळ वाजल्या. एक आजी पुढे येऊन तिच्या गालावरून बोटं फिरवून कडाकडा मोडून गेल्या.

कार्यालयात पोहे आणि चहा आला. बाहेर शाळा सुटल्याची घंटा झाली, गेटकडे पळणाऱ्या पायांचा आवाज झाला. महेश्वर सर खूश होते.

"मॅडम, चिठ्ठी वाचून माझ्या अंगावर काटा आला नाही तेवढा तुमच्या गोष्टीने आला. आणि ते पाढ्याचं तुम्ही काय बेमालूम घातलंत हो मधे. आमचा मल्लप्पा तर ऐकवेना म्हणून निघून गेला."

शिवलीलाने चमचा खाली ठेवला.

"कोण मल्लप्पा?"

"कुंभारीच्या व्हॅनवाला. घंटा व्हायच्या आधीच पोरं गोळा करून निघाला बघा. एरवी पाच-पाच मिनिटं हॉर्न वाजवत बसतो."

शिवलीलाने बशी टेबलावर ठेवली. ती गोष्ट लेकराला कळावी म्हणून सांगितली होती. पण मांडवात आणखी एक माणूस होता, ज्याला सतराच्या पाढ्याचा अर्थ ठाऊक होता. लेकराचं नाव शिवलीलाला माहीत नव्हतं. त्या माणसाला मात्र माहीत होतं.

कार्यालयाच्या भिंतीवर व्हॅननिहाय मुलांची यादी लावलेली होती. तिनेच मागच्या वर्षी हट्टाने लावून घेतलेली. मल्लप्पाच्या नावाखाली अकरा मुलं, उतरण्याच्या क्रमाने. शेवटचं नाव, संस्कृती, सातवी ब. आई दाक्षायणी. कुंभारी, घरकुल. तिने दाक्षायणीला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. यादीतल्या पहिल्या मुलाच्या घरी लावला.

"न्हाई ओ आली व्हॅन. दारातच हुबी हाय मी. का वो?"

दुसऱ्या मुलाच्या घरीही तेच. तिसऱ्याच्याही. पहिलं घर शाळेपासून सात मिनिटांवर होतं आणि व्हॅन निघून पंचवीस मिनिटं होत आली होती.

तिने स्कूटी काढली. ऊन उतरत होतं, तरी रस्ता तापलेला. कुंभारीच्या अलीकडे जुन्या दगडखाणीकडे एक कच्ची वाट फुटते, त्या वाटेला तिने स्कूटी घातली. खाण केव्हाची बंद. तळाशी हिरवं पाणी, वर वेड्या बाभळी. कुणी नव्हतं. पांढऱ्या फुफाट्यात टायरांच्या ताज्या खुणा आत आल्या होत्या आणि वळून बाहेर गेल्या होत्या. एका जागी तेलाचे थेंब पडले होते, म्हणजे गाडी थांबली होती, आणि थोडाथोडका वेळ नाही. ती पाण्याच्या काठापर्यंत गेली. पाणी निश्चल होतं. ती तोंडाने शिव शिव म्हणत होती आणि आपण म्हणतोय हे तिला कळत नव्हतं.

घरकुलाच्या गल्लीत शिरल्यावर तिला व्हॅन दिसली. पिवळी, दाराशी नीट कडेला लावलेली. आत दहा पोरं होती. सगळी. एकही उतरलेलं नाही. आणि दहाच्या दहा पोरं मांडीवर दप्तरं घेऊन गप्प बसली होती. व्हॅनमध्ये भरलेली शाळकरी पोरं इतकी गप्प शिवलीलाने जन्मात पाहिली नव्हती.

खिडकीपाशी तिसरीतली एक मुलगी होती. शिवलीला वाकली.

"काय गं, घरी नाही गेलीस?"

मुलीने आधी दाराकडे पाहिलं. मग ओठ हलवून, जवळजवळ आवाज न काढता म्हणाली, "मामांनी खाणीपाशी थांबवलं. म्हणाले, आज दीदींनी पेटी उघडली, चिठ्ठी कुणी लिहिली ते सांगा, तोवर कुणी घरी जायचं नाही."

"मग?"

"कुणी सांगितलं नाही. मग संस्कृतीताई रडली."

शिवलीला सरळ झाली. खिशाच्या बटणावर तिचा हात गेला आणि तिथेच राहिला.

घराचं दार उघडं होतं. पुढच्या खोलीत शिलाई मशीन, भोवती शाळेच्या गणवेशाच्या कापलेल्या कॉलरींचे ढीग. दाक्षायणी मशीनवर होती. नवरा पुण्याला कंपनीत, घर ती याच शिलाईवर चालवायची. नवी पेठेतून कापडाचे गठ्ठे यायचे ते मल्लप्पाच्या व्हॅनमधून, आणि त्याने त्याबद्दल कधी काही मागितलं नव्हतं. दोघं एकाच बाजूच्या गावांकडची, म्हणून ती त्याला अण्णा म्हणायची. अण्णा खाटेवर बसून बशीत चहा ओतून पीत होता. पन्नाशीचा, कपाळाला भस्म, पांढरा स्वच्छ सदरा. मशीनच्या पलीकडे भिंतीला चिकटून संस्कृती उभी होती. हातात दोऱ्याचं रीळ होतं आणि ती त्याचा दोरा सोडत होती, पुन्हा गुंडाळत होती.

"या की ताई," मल्लप्पा उठून म्हणाला. "आत्ताच तुमचा विषय चालला हुता. गोष्ट लई झकास झाली. डोळ्याला पाणी आलं बघा माज्या."

"पोरं बाहेर ताटकळलीत," शिवलीला म्हणाली.

"व्हय. ह्या पोरीला जरा बरं वाटत नव्हतं. म्हणून आज हिला आदी आणून सोडली. न्हाय तर रोज हीच शेवटाला, बिचारी." त्याने बशी ओठाला लावली. "गोष्ट तुमाला कुनी सांगितली ओ?"

"माझे वडील कीर्तन करायचे."

"त्ये न्हाय. पाढ्याचं."

दाक्षायणी ओशाळून हसली, पदर सारखा करून उभी राहिली. "बसा ना मॅडम. आमच्या अण्णांनी सांगितलं मला सगळं. ही पोरगी अलीकडं लई खोटं बोलायला लागलीय. पेटीत काय वेडंवाकडं लिहून टाकलंय म्हणं. अण्णा नुसता अभ्यास घेतात हिचा वाटेनं, पाढे पाठ करून घेतात, तर ह्या बयेला त्याचाच राग. संस्कृती, मॅडमची माफी माग."

"मी नाही लिहिलं," संस्कृती म्हणाली. दोऱ्याकडे बघत.

"बगा," मल्लप्पा हळूच म्हणाला. "म्हंजे कुनी लिहिलंच न्हाई."

शिवलीलाला कळलं, की या माणसाने खाणीपासून दारापर्यंतच्या दहा मिनिटांत सगळं बांधून ठेवलंय. पोरीने कबूल केलं तर ती खोटारडी. नाकारलं तर चिठ्ठीच नाही. आणि उद्या सकाळी सात वाजता हाच हॉर्न याच दारात वाजणार, आणि आई स्वतः तिला त्यात बसवणार. आत्ता या खोलीतून आपण निघालो तर हे पोर पुन्हा कुणाला काही सांगणार नाही. जन्मात नाही.

तिने फोन काढला आणि ठाण्यात मॅडमना लावला. बाहेर जाऊन बोलता आलं असतं. ती तिथेच, उंबऱ्यात उभी राहून बोलली.

"मॅडम, शिवलीला. पेटीत मुलीची चिठ्ठी मिळाली, दुपारी अडीचला. मी लगेच कळवायला हवं होतं, कळवलं नाही. वर ती गोष्ट म्हणून सभेत सांगितली. जो माणूस आहे तो सभेत होता. त्याने पोरीला ओळखलं. चूक माझी आहे, माझ्या जबाबात तसंच लिहा. तो माणूस आत्ता माझ्या समोर आहे. व्हॅनमध्ये आणखी दहा पोरं आहेत."

मग मॅडम म्हणाल्या, "तू वर्दीत आहेस ना? मग मुलीला एक शब्द विचारायचा नाही. मुलांचा जबाब वर्दीत घ्यायचा नसतो, मी साध्या कपड्यांत येते. वीस मिनिटं. त्याला हलू देऊ नकोस. आणि शिवलीला, तू बोलूच नकोस."

"हो मॅडम."

फोन बंद झाला. मल्लप्पाने बशी खाली ठेवली नव्हती. तो मान हलवत होता, कुणी लहान मुलाने खुळेपणा करावा तशी.

"ताई, ऐकीव गोष्टीवर मानसाची अब्रू घ्यायला निघालात तुमी. दाक्षायणी, सांग की ह्यास्नी. किती वर्सं वळकतीस मला?"

दाक्षायणीने शिवलीलाकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. शिवलीलाला शंभर गोष्टी सांगाव्याशा वाटत होत्या. पोरीला जवळ घ्यावं, आईचे हात धरावेत, देवाची शपथ घालावी. लोकांना हलवायला तिला आजवर कधी शब्द कमी पडले नव्हते. ती दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली आणि तिने दात घट्ट मिटले.

संस्कृतीच्या हातातलं रीळ थांबलं. तिने पहिल्यांदा मान वर केली आणि शिवलीलाकडे पाहिलं. त्या नजरेत राग होता, आणि रागापेक्षा काहीतरी जुनं होतं.

"तुम्ही सगळ्यांना सांगितलं," ती म्हणाली.

मल्लप्पा चटकन पुढे झुकला.

"गप गं," तो म्हणाला. आवाज तोच होता, पण त्यामागचा ताबा सुटला होता.

दाक्षायणी हळूहळू त्याच्याकडे वळली. ती शिकलेली फारशी नव्हती, पण रोज शेकडो कॉलरी जुळवणारी बाई होती. कुठला तुकडा कुठल्या तुकड्याला लागतो हे तिच्या बोटांना कळायचं. ती शांतपणे म्हणाली, "अण्णा, तुमी म्हणला हिनं खोटं लिहिलं. ही म्हणती म्या लिहिलंच न्हाई. आन आता ह्या मॅडमना म्हणती तुमी सगळ्यास्नी सांगितलं. सांगितलं म्हंजे कायतरी सांगायजोगं हुतं की."

"पोरगी हाय. बरळती."

"रोज हीच शेवटाला का, अण्णा? आमचं घर तर मधी हाय."

तो हसला. कुणीच हसलं नाही.

दाक्षायणी पुढे आली आणि त्याच्या हातातली बशी काढून घेतली. अर्धी भरलेली. ती तिने मोरीत नेऊन उलटी केली, आणि परत येताना खाटेच्या नि संस्कृतीच्या मधे येऊन थांबली. तिने मशीनवरची कात्री उचलली आणि मग आपण काय उचललंय हे बघून ती परत ठेवली.

"पोरं बाहेर उनात हायत," मल्लप्पा उभा राहत म्हणाला. "सोडून येतो. मग बसू बोलत."

शिवलीला दारातून हलली नाही. तिने नुसता हात पुढे केला, तळवा वर. त्याने त्या तळव्याकडे पाहिलं, मग दाराबाहेर. बाहेर गल्लीत दोन बायका येऊन थांबल्या होत्या, तिसरी येत होती, आणि व्हॅनमधून एका पोराच्या रडण्याचा बारीक आवाज सुरू झाला होता. मल्लप्पाने किल्ली तिच्या हातात ठेवली आणि पुन्हा खाटेवर बसला. सदऱ्याच्या बाह्या त्याने नीट केल्या, भस्मावर बोट फिरवलं. या सगळ्यातून आपण बाहेर पडू, असा विश्वास असलेल्या माणसासारखा तो बसला होता. असे लोक पुष्कळदा बाहेर पडतातही, हे शिवलीलाने नोकरीत पाहिलेलं होतं. नाव नसलेली एक चिठ्ठी, आणि 'मी नाही लिहिलं' म्हणालेली एक मुलगी, तिच्या हातात तेवढंच होतं.

वीस मिनिटांतली सहा गेली असतील.

दाक्षायणीने वळून संस्कृतीला ओढलं आणि कॉलरींच्या ढिगावर बसत तिला मांडीवर घेतलं. सातवीतली पोर, पाय जमिनीला टेकत होते. संस्कृतीने आईच्या खांद्यात तोंड लपवलं. तिने शिवलीलाकडे पुन्हा पाहिलं नाही, आणि शिवलीलाने तशी आशाही केली नाही. ती चौकटीत उभी होती, मुठीत किल्ली, तोंड मिटलेलं, नजर खाटेवर. मॅडम येईपर्यंत तिला एवढंच करायचं होतं.